साठवण आणि तुंबारा

२०२१ सालच्या मे महिन्यात आमच्या नातवाची मुंज अमेरिकेत न्यू जर्सी येथे झाली. महामारीमुळे प्रवासाचा विचारही करण्यासारखा नव्हता. तेव्हा बडोद्याच्या घरी दिवाणखान्यातील पडद्यावरच तो सोहळा पाहावयाचा असे ठरले. तिकडची सकाळची नऊची वेळ म्हणजे आपली संध्याकाळची साडेसहाची. वडीलधारी मंडळी ठेवणीतील वस्त्रे नेसून बसली होती, वाटीत अक्षता होत्या आणि मंगलाष्टके स्वच्छ ऐकू येत होती. अंतरपाटाच्या एका बाजूस बटू, दुसऱ्या बाजूस त्याचे वडील. आता 'सावधान'च्या गजरात अंतरपाट दूर होणार, एवढ्यात चित्र थिजले. पडद्याच्या मधोमध एक लहानसे वर्तुळ गरगर फिरू लागले. ते नाहीसे झाले तेव्हा बटू पित्याच्या मांडीवर बसलेला होता आणि तिकडे पेढे वाटले जात होते. बटूच्या पणजींनी मुठीतील अक्षता मुकाट्याने पुन्हा वाटीत ठेवल्या.

दोष कोणाचा यावर त्या रात्री आमच्या घरी बराच ऊहापोह झाला. तरुणांनी तो अमेरिकेच्या पदरात घातला, मध्यमवयीनांनी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या आणि वृद्धांनी एकंदर काळाच्या. खरे कारण काही दिवसांनी उमगले आणि ते आमच्याच घरात निघाले. ते योग्य स्थळी सांगू. परंतु त्या निमित्ताने आम्ही या फिरत्या वर्तुळाचा पूर्वेतिहास धुंडाळू लागलो, आणि तो वाटला होता त्याहून पुष्कळच जुना व रोचक निघाला.

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या घराण्यांना दूरच्या आवाजाकडे कान लावून बसण्याची सवय पिढ्यानुपिढ्यांची आहे. ज्यांचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीनिमित्त बडोद्यास, होळकरांबरोबर इंदुरास किंवा शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरीस आले आणि तेथलेच झाले, त्यांच्या घरी रात्री रेडिओवर मुंबई केंद्र लावण्याचा एक सोपस्कारच असे. मध्यम लहरी रात्री दूरवर पोहोचतात, पण वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन आल्यामुळे त्यांचा आवाज भरती-ओहोटीसारखा चढे आणि ओसरे. नाट्यगीताची ओळ मध्येच विरून जाई. आमचे वडील ती स्वतः गुणगुणून पुरी करीत. गेले ते गेले, रेडिओ कोणासाठी थांबत नसे.

नव्या साधनाचा दोष नेमका याच्या उलट आहे. ते थांबते. आणि ते का थांबते हे समजून घ्यावयाचे तर चित्र वा आवाज आपल्यापर्यंत कोणत्या वाहनाने येतो ते पाहिले पाहिजे. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनल्ड डेव्हिस या दोघांनी स्वतंत्रपणे अशी कल्पना मांडली की निरोप सलग न पाठवता त्याचे लहान लहान तुकडे करावेत व प्रत्येक तुकड्याने आपापला मार्ग काढून मुक्कामी पोहोचावे. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. १९६९ मध्ये सुरू झालेले आर्पानेट हे जाळे याच तत्त्वावर उभे राहिले आणि आजचे इंटरनेटही त्यावरच चालते. एका घरची वऱ्हाडी मंडळी निरनिराळ्या टांग्यांतून निघावी तसा हा प्रकार. कोणी लवकर पोहोचतो, कोणी उशिरा, एखादा टांगा वाट चुकतो आणि त्याच्यासाठी पुन्हा माणूस धाडावा लागतो. पत्र पाठवताना याने काही बिघडत नाही, कारण सारे तुकडे जमेपर्यंत पत्र उघडण्याची घाई कोणास नसते. आवाज आणि चित्र यांना मात्र काळाचे बंधन आहे. गवयाची तान अर्ध्यावर थांबून दोन क्षणांनी पुढे सरकली तर ती तान राहत नाही.

ही अडचण प्रथम ज्यांनी नीट ओळखली त्यांत डॅनी कोहेन यांचे नाव घ्यावे लागेल. १९७४ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची माहितीशास्त्र संस्था आणि एमआयटीची लिंकन प्रयोगशाळा यांच्यात आर्पानेटवरून प्रत्यक्ष संभाषण झाले, त्यामागे ते होते. त्यांचा आग्रह असा की उशिरा आलेल्या आवाजाला किंमत नसते. हरवलेला तुकडा पुन्हा मागवू नये, पुढे चालावे. जुन्या रेडिओचाच न्याय म्हणा ना! याउलट फायली पाठवणाऱ्यांना एकही अक्षर गमावून चालणार नव्हते. दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर होते. शेवटी दोन निराळ्या रीती मान्य झाल्या: हरवलेले पुन्हा मागवणारी टीसीपी आणि न मागवणारी यूडीपी. फोनवरील संभाषण आजही बहुधा दुसऱ्या रीतीने चालते, आणि चित्रपट वा मुंजीचे प्रक्षेपण मुख्यतः हरवलेले परत मिळवणाऱ्या रीतीने. आमच्या पडद्यावरील वर्तुळाचे मूळ या निवडीत आहे.

परंतु हरवलेला तुकडा परत येईपर्यंत पाहणाऱ्याने काय करावे? त्यावर तोडगा निघाला तो साठवणीचा. आलेले चित्र लगेच दाखवावयाचे नाही. आधी काही क्षणांची शिल्लक जमवावयाची आणि मग तीतून सावकाश खर्च करीत जावयाचे. या शिलकेस इंग्रजीत बफर म्हणतात. हा शब्द आपल्या लोकांस आगगाडीमुळे ठाऊक आहे. डब्यांच्या टोकांना धक्का झेलणाऱ्या ज्या स्प्रिंगच्या तबकड्या असत त्यांचे ते नाव. इतिहासाच्या पुस्तकांत दोन साम्राज्यांच्या मध्ये ठेवलेल्या 'बफर' राज्यांचाही उल्लेख येतो. बडोदेकरांस मात्र आम्ही याहून जवळचे उदाहरण देऊ. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजवा येथे जलाशय बांधविला. पाऊस चार महिने पडतो आणि तोही लहरीप्रमाणे. शहरास पाणी मात्र बारमाही व रोज ठराविक वेळी लागते. आवक अनियमित आणि खर्च नियमित असेल तेथे मध्ये तळे हवेच. पडद्यावर वर्तुळ फिरते तेव्हा आपले तळे कोरडे पडलेले असते व ते पुन्हा काही अंशी भरेपर्यंत नळ बंद ठेवलेला असतो.

येथवर साठवण ही औषधासारखी दिसते. पण याच काळात काही जाणत्यांना तिची दुसरी बाजूही दिसू लागली होती. जाळ्यात मध्ये मध्ये जी यंत्रे पॅकेटे पुढे ढकलण्याचे काम करतात त्यांच्यातही साठवण असते. समोरची वाट भरलेली असेल तर पॅकेट तेथे रांगेत उभे राहते. १९८४ च्या जानेवारीत जॉन नेगल यांनी इशारा दिला की गर्दी वाढली म्हणजे हे जाळे नुसते मंदावणार नाही, कोलमडेल. पुढच्या वर्षी त्यांनी एक चमत्कारिक प्रश्न विचारला: मधल्या यंत्रात अमर्याद साठवण असेल तर काय होईल? सामान्य बुद्धीला वाटते की मग काहीच हरवणार नाही. नेगल यांनी दाखवले की रांग इतकी लांबेल की पॅकेट पुढे सरकेतो त्याची मुदतच संपलेली असेल, आणि सारी साठवण असूनही उपयोगाचे असे काहीच पोहोचणार नाही. या टिपणाचे महत्त्व आम्हांस फार वाटते. पुढील पंचवीस वर्षे बहुतेकांनी ते वाचून बाजूस ठेवले असावे, असेच घटनाक्रमावरून दिसते.

कोलमडणे मात्र लवकरच आले. १९८६ च्या ऑक्टोबरात बर्कली येथील लॉरेन्स प्रयोगशाळा आणि टेकडीखालचे विद्यापीठ यांच्यामधील दळणवळण सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरले. अंतर केवळ ४०० यार्ड! ४० बिट म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच रोमन अक्षरे. एखादा शिपाई चिठ्ठी घेऊन पायी गेला असता तरी लवकर पोहोचता. व्हॅन जेकबसन यांनी शोध घेतला तेव्हा आढळले की प्रत्येक संगणक 'माझे पॅकेट हरवले' असे समजून तेच पुन्हा पुन्हा पाठवीत होता आणि त्यामुळे रांग आणखी वाढत होती. त्यांचा १९८८ चा निबंध हा या विषयातील मैलाचा दगड मानला जातो. उपाय सौजन्याचा होता. पाठवणाऱ्याने आरंभ बेताने करावा, हळूहळू वेग वाढवावा, आणि एखादे पॅकेट गहाळ झाले की ती गर्दीची खूण समजून आपण होऊन मागे सरावे. इंटरनेट आज उभे आहे ते बव्हंशी या संकेताच्या पालनामुळे. पॅकेट हरवणे ही खूण आहे, हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या पायावर १९९० नंतर आवाज व चित्र पाठवण्याचे प्रयोग सुरू झाले. २४ जून १९९३ रोजी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातून तेथील तंत्रज्ञांच्याच एका हौशी वाद्यवृंदाचा कार्यक्रम प्रक्षेपित झाला, आणि पुढील वर्षी नोव्हेंबरात रोलिंग स्टोन्स या विख्यात चमूने डलासहून काही गाणी तशीच ऐकवली. पण हे सारे विद्यापीठांच्या खास वाटांवरून चालले होते. सामान्य माणसाच्या टेलिफोनच्या तारेवर आवाज आणला तो १९९५ मध्ये रॉब ग्लेझर यांच्या कंपनीच्या रिअलऑडिओ या साधनाने. सेकंदाला १४,४०० बिट एवढ्या तुटपुंज्या मोडेमवरही तो चाले. ५ सप्टेंबर १९९५ रोजी सिएटल आणि न्यूयॉर्क यांच्या संघांतील बेसबॉलचा सामना त्यावर प्रत्यक्ष ऐकवला गेला. 'बफरिंग' हा शब्द घरोघरी नेला तोही याच मालिकेतील साधनांनी.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते प्रथम मोजक्या महानगरांत. बडोद्यास आमच्या घरी ते शतक संपता संपता आले. मोडेमचा तो किंचाळण्यासारखा सूर, टेलिफोन अडकून पडल्याबद्दल घरच्यांची कुरकुर आणि पडद्यावर शेकड्याने चढत जाणारा बफरिंगचा आकडा अनेकांस आठवत असेल. तीन मिनिटांचे भावगीत ऐकावयास आम्हांस पाव तास लागे. तरीही अमेरिकेतील एका मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण बडोद्यात ऐकू आले, त्या रात्री आम्ही शेजाऱ्यांना बोलावून आणले होते.

शासनाच्या २००४ सालच्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट इतक्या वेगास 'ब्रॉडबँड' हे भारदस्त नाव मिळाले. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. २००५ मध्ये यूट्यूब निघाले तेव्हा लहान आकाराच्या साध्या चित्रासही सेकंदाला सुमारे ३०० किलोबिट लागत. येथे एक हिशेब करून पाहण्याजोगा आहे. दहा मिनिटांची चित्रफीत २५६ किलोबिटांच्या तारेवरून यावयास पावणेबारा मिनिटे लागतात. म्हणजे आरंभी सुमारे पावणेदोन मिनिटे थांबले की पुढे एकदाही अडखळावे लागू नये. हे गणित न मांडताही लोकांस उमगले होते. चित्रफीत सुरू करून लगेच थांबवावयाची, खालची करडी पट्टी भरू द्यावयाची आणि तोवर चहा टाकावयाचा, ही युक्ती त्या काळी सर्वतोमुखी होती. पुढे ती चालेनाशी झाली. का, ते सांगतो. पण त्याआधी दोन गोष्टींचा उल्लेख आवश्यक आहे.

पहिली अंतराची. एकच गोष्ट एकाच ठिकाणाहून साऱ्या जगाने मागवली तर वाटेत गर्दी होणारच. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी एमआयटीतील सहकाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. गणितज्ञ टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी त्यावर जो उपाय काढला त्यातून १९९८ मध्ये अकामाय ही कंपनी उभी राहिली. उपाय धान्याच्या कोठारांसारखा आहे: मागणी जेथे आहे तेथे जवळच प्रत ठेवावयाची. लेविन यांचा वयाच्या ३१ व्या वर्षी अंत झाला. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळलेल्या पहिल्या विमानात ते होते. भारतातही कित्येक वर्षे एका गावाचे पॅकेट दुसऱ्या गावी परदेशी फिरून जात असे. २००३ मध्ये निक्सी ही देशांतर्गत देवाणघेवाणीची संस्था स्थापन झाल्यावर तो द्राविडी प्राणायाम पुष्कळ कमी झाला. समुद्रतळाच्या तारांवर आपण किती विसंबून आहोत हे ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ तारा तुटल्या तेव्हा साऱ्या देशाने अनुभवले.

दुसरी गोष्ट चित्राच्या संकोचाची, आणि तिच्यात एका भारतीयाचे नाव मोठे आहे. बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत प्राध्यापक असताना १९७२ मध्ये त्यांनी चित्र लहान करण्याची एक गणिती रीत संशोधनासाठी सुचवली. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने अनुदान नाकारले. अहमद यांनी काम तसेच चालू ठेवले आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केले. चित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येकातील डोळ्यांस जाणवणारा भाग ठेवावयाचा व न जाणवणारा गाळावयाचा, असा त्या रीतीचा उपयोग पुढे झाला, आणि आज जगातील बहुतेक सारी चित्रफीत या ना त्या रूपाने तिच्यावर उभी आहे. चित्र खराब होते तेव्हा चेहऱ्यावर जे चौकोन दिसू लागतात ते हेच. फार गाळल्यामुळे हाडे उघडी पडावीत, तसे ते उघडे पडतात.

आता त्या चहाच्या युक्तीकडे. २००७ च्या सुमारास काही तंत्रज्ञांनी विचार केला की चित्रफीत एकसंध ठेवण्याऐवजी तिचे काही सेकंदांचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशा अनेक प्रतींत तयार ठेवावा. पाहणाऱ्याच्या यंत्राने वाट मोकळी असेल तर उत्तम प्रत मागवावी, अडली असेल तर कनिष्ठ. अॅपलने २००९ मध्ये ही रीत आपल्या फोनवर आणली आणि २०१२ मध्ये तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झाले. यंत्र आता गरजेपुरतेच तुकडे मागवते, सारी फीत आधी भरून ठेवीत नाही. म्हणून चहाला जाऊन फायदा नाही. यातून एक महत्त्वाचा फरक पडला. पूर्वी वाट अडली की चित्र थांबे, आता ते आधी धूसर होते. 'चित्र खराब दिसते' आणि 'चित्र अडते' या आपल्याला दोन तक्रारी वाटतात. वास्तविक त्या एकाच तराजूची दोन पारडी आहेत, आणि एक खाली आणले की दुसरे वर जाते. पडद्याच्या कोपऱ्यातील चक्रावर बोट ठेवून आपण हट्टाने सर्वोच्च प्रत निवडतो, तेव्हा अडण्याची जबाबदारीही आपणच घेत असतो.

कोणती प्रत केव्हा निवडावी हा निर्णय वाटतो तितका सोपा नाही. स्टॅनफर्डच्या तेयुआन हुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की यंत्रे वाटेचा वेग मोजण्यात गफलत करतात, बुजतात आणि गरज नसताना खालच्या प्रतीवर घसरत जातात. दोन वर्षांनी त्यांनी सुचवले की वेगाच्या अंदाजावर फार न विसंबता आपले तळे किती भरले आहे ते पाहावे. भरले असेल तर उधळपट्टी, आटत आले असेल तर काटकसर. नेटफ्लिक्सच्या प्रेक्षकांवर प्रयोग केला तेव्हा अडखळणे १० ते २० टक्क्यांनी घटले. प्रेक्षकांच्या सोशिकपणाचेही मोजमाप झाले आहे. २०१२ मध्येच कृष्णन आणि रमेश सीतारामन यांनी २ कोटी ३० लाख प्रसंग तपासून निष्कर्ष काढला की चित्र सुरू व्हावयास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला की माणसे उठू लागतात, आणि पुढच्या प्रत्येक सेकंदागणिक त्यांत भर पडत जाते. पाव तास थांबून भावगीत ऐकणारी आमची पिढी त्या हिशेबात बसणार नाही. असो.

आता आमच्या घरातील दोषाकडे येऊ. २०१० मध्ये जिम गेटिस हे नामांकित तंत्रज्ञ घरातून एमआयटीकडे मोठमोठ्या फायली पाठवीत होते, आणि त्याच वेळी 'इंटरनेट अडले' अशी घरच्यांची ओरड होई. त्यांनी मोजून पाहिले. जे पॅकेट काही मिलिसेकंदांत जाऊन यावयास हवे त्यास सेकंदाहून अधिक वेळ लागत होता. तार तुटलेली नव्हती, वेगही कमी नव्हता. घरातील मोडेमच्या पोटात लांबलचक रांग लागली होती. मेमरी स्वस्त झाल्यापासून कारखानदारांनी, पॅकेट हरवू नये या सदिच्छेने, प्रत्येक यंत्रात भलीमोठी साठवण घातली होती. पण जेकबसन यांच्या संकेतानुसार पॅकेट हरवणे हीच तर मागे सरण्याची खूण! काहीच हरवेना, म्हणून पाठवणारा मागे सरेना, आणि रांग वाढतच गेली. गेटिस यांनी या विकारास 'बफरब्लोट' म्हणजे बफराची सूज असे नाव दिले. १९८५ मधला नेगल यांचा प्रश्न असा घरोघरी येऊन बसला होता. तळ्यात पाणी साठले तर ती साठवण. तेच गटाराच्या नळीत साठले तर तुंबारा.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उतारा दिला. रांग किती लांब आहे हे पाहू नये, पॅकेट रांगेत किती वेळ उभे राहते ते पाहावे. ते पाच मिलिसेकंदांहून अधिक रेंगाळतच राहिले तर मुद्दाम एखादे टाकून द्यावे, म्हणजे पाठवणारा सावध होतो. डेव्ह टाट यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ही सुधारणा घरगुती राउटरांपर्यंत पोहोचावी म्हणून अनेक वर्षे अक्षरशः प्रचार केला. ते २०२५ मध्ये निवर्तले.

मुंजीच्या दिवशी आमच्या भाच्याने सकाळपासून घरातल्या तयारीची छायाचित्रे व चित्रफिती काढल्या होत्या. संध्याकाळी तो वाय-फायच्या टप्प्यात आला आणि त्याचा फोन, त्याला न विचारता, ते सारे दूरच्या साठवणीत पाठवू लागला. आमच्या जोडणीत येण्याची वाट रुंद पण जाण्याची अरुंद होती. पडद्यावरील चित्रास परत पाठवावयाच्या केवळ 'पोहोचले' अशा इवल्याशा पावत्या. पण त्या पावत्या भाच्याच्या छायाचित्रांमागे रांगेत उभ्या राहिल्या, आणि पावती मिळेना म्हणून तिकडून पुढचे चित्र सुटेना. हे सिद्ध करावयास यंत्रविद्या लागली नाही. पुढच्या रविवारी आम्ही पडद्यावर एक जुने नाटक लावले, भाच्याला तोच प्रकार पुन्हा करावयास सांगितले, आणि वर्तुळ फिरू लागले. फोन बंद करताच नाटक चालू लागले. पणजींनी हा प्रयोग दोनदा करून घेतला.

तेव्हापासून नात्यातल्या कोणाकडे पडदा अडला की बोलावणे आम्हांस येते. आम्ही प्रथम पाहतो की दोष चित्राचा आहे की थांबण्याचा. मग एकाच कार्यक्रमाशी तो बांधलेला आहे की सर्वत्र आहे. एकाच ठिकाणी असेल तर पाठवणाऱ्याचा दोष समजून स्वस्थ बसावे. सर्वत्र असेल तर संगणक तारेने थेट राउटरला जोडून पाहावा. तारेवर सुरळीत आणि हवेतून अडते असे झाले तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. आपल्या जुन्या वाड्यांच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती हे एक कारण, आणि मायक्रोवेव्ह भट्टी ज्या लहरींवर चालते त्याच पट्ट्यात जुने वाय-फायही बोलते, हे दुसरे. आमच्या एका आप्तांकडे राउटर देवघराच्या लोखंडी कपाटात ठेवला होता, चोरीला जाऊ नये म्हणून! तारेवरही अडत असेल आणि तेही रोज रात्री नऊ ते अकराच, तर गल्लीतील साऱ्यांची वाट एक आहे असे समजावे. वेगाचा जाहिरातीतील आकडा मोठा असूनही अडते, तेव्हा घरात कोण काय पाठवीत आहे ते आधी पाहावे. ही गोष्ट सर्वांत शेवटी सुचते.

प्रत्यक्ष सोहळ्याची अडचण मात्र यांपैकी कशानेच पुरती सुटत नाही. चित्रपट आगाऊ साठवता येतो. जी घटना अजून घडावयाचीच आहे ती कशी साठवणार? १९ नोव्हेंबर २०२३ रोजी आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अहमदाबादेस विश्वचषकाचा अंतिम सामना झाला तेव्हा हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते. पुढील वर्षी १५ नोव्हेंबर रोजी टेक्सासमध्ये टायसन आणि पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत झाली. चित्रपटांच्या प्रक्षेपणात मुरलेल्या नेटफ्लिक्सकडे एका क्षणी साडेसहा कोटी जोडण्या आल्या, आणि धूसर चित्राच्या व अडण्याच्या तक्रारींनी वृत्तपत्रे भरली. अशा वेळी तंत्रज्ञ दहा-वीस, कधी अधिक सेकंदांचे छोटे तळे राखतात. जितके तळे मोठे तितके चित्र अखंड, आणि तितकेच शिळे. शेजारच्या टीव्हीवर गडी बाद झाल्याचा जल्लोष आधी ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो, तो यामुळे.

२०२३ च्या डिसेंबरात न्यू जर्सीतच नातीचे बारसे झाले. या वेळी आम्ही पडदा तारेने जोडला होता, भाच्याचा फोन पणजींच्या उशाखाली होता आणि शेजारी साध्या फोनवरून तिकडच्या विहीणबाईंशी बोलणेही चालू होते. चित्र क्षणभरही अडले नाही. पाळणा हलत होता, आत्याबाई बाळाच्या कानाशी वाकत होत्या, तोच फोनवरून टाळ्या आणि 'शर्वरी, शर्वरी' असा गलका ऐकू आला. पणजींनी अक्षता टाकल्या, पेढा तोंडात घातला, आणि त्यानंतर अर्ध्या मिनिटाने पडद्यावर आत्याबाईंनी 'कुर्रर्र' केले.